हिवरखेड ते पीएच.डी. : भौतिकशास्त्राला खर्च किती, कुठे आणि कधी

बारावीला फिजिक्समध्ये चांगले मार्क पडले आणि मुलीनं किंवा मुलानं 'मला इंजिनिअरिंग नको, बी.एस्सी. फिजिक्स करायचंय' असं सांगितलं, की घरात पहिला प्रश्न पैशाचा निघतो. निघायलाच हवा. पाच-सात एकर वावर, त्यात पऱ्हाटी आणि तूर, जमलं तर थोडी केळी किंवा पानपिंपरी, एवढ्यावर चालणाऱ्या घरानं पुढच्या सात-आठ वर्षांचा हिशेब आधी मांडावा हे शहाणपणाचंच आहे. अडचण अशी, की हा हिशेब मांडून द्यायला गावात कोणी नसतं. इंजिनिअरिंगची फी सगळ्यांना पाठ असते, नीटच्या क्लासचे भाव पारावर कळतात. फिजिक्स शिकून पुढं काय आणि कितीत, हे सांगणारा माणूस सापडत नाही.

म्हणून सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो. भौतिकशास्त्राच्या वाटेवर पैसा एका ठिकाणी दिशा बदलतो. एम.एस्सी.पर्यंत तुम्ही भरता, त्यानंतर संस्था तुम्हाला देते. पीएच.डी. करणाऱ्याला दरमहा विद्यावेतन मिळतं आणि त्यावर तो नीट जगू शकतो. सांभाळायची आहेत ती मधली पाच वर्षं. या पाच वर्षांत आपल्याकडचे पालक मोठ्या रकमा चुकीच्या जागी घालतात आणि दोन हजारांचा योग्य फॉर्म मात्र राहून जातो. हे फार वेळा घडतं आणि त्यात हुशार मुलांची वर्षं जातात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

हे हिवरखेड तेल्हारा तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं. मोर्शीकडच्या हिवरखेडच्या वाचकांनी अकोटच्या जागी मोर्शी आणि अकोल्याच्या जागी अमरावती धरावी. बाकी हिशेब तोच.

पहिली तीन वर्षं

बी.एस्सी.साठी लांब जायची गरज नाही. अकोटला श्री शिवाजी महाविद्यालय आहे. अकोल्यात श्री शिवाजी महाविद्यालय आणि आर.एल.टी. विज्ञान महाविद्यालय आहे. अमरावतीत शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था आहे. १९२३ साली किंग एडवर्ड कॉलेज म्हणून निघालेली ही संस्था जुन्या लोकांच्या तोंडी अजून व्हीएमव्ही आहे. सगळी कॉलेजं संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेतली. विद्यापीठ १९८३ चं, आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम हे पाच जिल्हे त्याचे.

अनुदानित तुकडीत प्रवेश मिळाला तर वर्षाची फी परीक्षा शुल्कासह काही हजारांत भागते. विनाअनुदानित तुकडीत तीच पदवी बरीच महाग पडते. दोन्ही तुकड्या एकाच इमारतीत, एकाच बाकावर भरतात, म्हणून पालकांना फरक कळत नाही. प्रवेश घेताना कार्यालयात एकच प्रश्न ठणकावून विचारा : ही जागा अनुदानित की विनाअनुदानित? उत्तर पावतीवर बघून घ्या.

खरा खर्च फीचा नसतो, राहण्याचा असतो. हिवरखेडहून अकोटला रोज जाऊन-येऊन शिकता येतं. एसटीचा विद्यार्थी पास काढला तर भाड्याच्या एक तृतीयांशच पैसे पडतात.  अकोल्याला मात्र रोज येणं-जाणं अवघड आहे. जुनी मीटरगेज बंद झाली, ब्रॉडगेज गाडी २०२२ च्या नोव्हेंबरपासून अकोला ते अकोट सुरू झाली, पण हिवरखेडच्या मुलाला अकोटपर्यंत एसटी आहेच. बस आणि गाडी मिळून दिवसाचे तीन-चार तास गेले, तर फिजिक्सला लागणारा निवांत वेळ उरत नाही. अकोल्यात दोघांत एक खोली आणि मेस धरली तर माणशी महिन्याला साडेचार-पाच हजारांची तयारी ठेवावी. दहा महिन्यांचे झाले पन्नास हजार. माझं मत स्पष्ट आहे : अकोटला अनुदानित जागा मिळत असेल आणि घरी अभ्यासाला एक कोपरा असेल, तर पहिली तीन वर्षं घरून करा. वाचलेले पैसे एम.एस्सी.ला लागणार आहेत.

राज्यामार्फत मिळणाऱ्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचं दार म्हणजे महाडीबीटी हे संकेतस्थळ. अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. बाहेरगावी राहून शिकणाऱ्या आणि शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला स्वाधार योजनेतून अमरावतीसारख्या विभागीय शहरात वर्षाला ५१ हजार रुपये मिळतात. जेवण, खोली, पुस्तकं सगळं त्यात धरलेलं आहे. अनुसूचित जमातीसाठी हीच सोय स्वयम् योजनेत आहे, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजनेत. या योजनांत आधी वसतिगृहाचा अर्ज करावा लागतो. तो केलाच नाही आणि थेट स्वाधार मागितलं, तर प्रकरण अडकतं.

केंद्र सरकारची इन्स्पायर ही शिष्यवृत्ती जातीवर नाही, गुणांवर आहे. बारावीच्या बोर्डात वरच्या एक टक्क्यात असलेला आणि मूलभूत विज्ञान शिकणारा विद्यार्थी तिला पात्र ठरतो. रक्कम वर्षाला ८० हजार. त्यातले ६० हजार हातात, २० हजार उन्हाळी प्रकल्पासाठी. पाच वर्षं धरली तर हातात येणारे पैसे तीन लाख. ज्या मुलाला हे लागू पडतं त्याचं बी.एस्सी.-एम.एस्सी. जवळपास तेवढ्यातच निघून जातं. तरी आपल्याकडे बारावीला नव्वदच्या पुढं गेलेली पोरं याचा अर्जच भरत नाहीत, कारण शाळेत कोणी सांगितलेलं नसतं. पात्रतेचे गुण त्या-त्या वर्षी जाहीर होतात. बघा आणि बसत असाल तर अर्ज करा.

न्यूमेरिकल अडलं तर पैसे कुठे जातात

बी.एस्सी.ची मुलं सर्वात जास्त पैसा घालवतात तो उत्तरांवर. तयार उत्तरांची गाइडं, शंकानिरसनाच्या ॲपची वर्गणी, शिकवणी. यातलं फार थोडं खरंच लागतं.

एक साधं उदाहरण घेऊ. पाच हॉर्सपॉवरची मोटर ३० मीटर खालून पाणी उचलते, पंपाची कार्यक्षमता ५० टक्के; तासाभरात किती पाणी? विद्यार्थी गणित करतो : एक हॉर्सपॉवर ७४६ वॅट, म्हणजे ३,७३० वॅट. एक लिटर पाणी ३० मीटर चढवायला ९.८ गुणिले ३०, म्हणजे २९४ जूल. भागिले तर सेकंदाला सुमारे १२.७ लिटर, तासाला साधारण ४५,७०० लिटर. पुस्तकातलं उत्तर आहे सुमारे २२,८००. आता हा विद्यार्थी 'सर, उत्तर येत नाही' एवढंच म्हणाला, तर समोरचा त्याला पूर्ण उदाहरण सोडवून देईल आणि विद्यार्थी ते उतरवून घेईल. तोच जर म्हणाला, 'माझं उत्तर बरोबर दुप्पट येतंय, मी मोटरची सगळी शक्ती पाण्याला दिली, यात काही राहिलं का?' तर अर्ध्या मिनिटात त्याचं त्यालाच कळेल की ५० टक्के वापरलेच नाहीत. विहिरीवर उभा राहून मोटरचा आवाज ऐकणाऱ्या पोराला हे समजायला शिकवणी लागत नाही. प्रश्न नीट मांडता आला पाहिजे.

हीच गोष्ट तिसऱ्या वर्षाला वरच्या पातळीवर येते. जमिनीला जोडलेल्या धातूच्या सपाट पत्र्यासमोर एक विद्युतप्रभार ठेवला, तर पत्र्याच्या पलीकडे उलट्या चिन्हाचा प्रतिमा-प्रभार कल्पून गणित सुटतं. बल बरोबर येतं. मग विद्यार्थी त्याच दोन प्रभारांची ऊर्जा काढतो आणि उत्तर पुन्हा दुप्पट येतं. इथं चूक आकडेमोडीची नाही. पलीकडचा प्रभार खरा नाही, पत्र्यामागे विद्युतक्षेत्रच नाही, म्हणून ऊर्जा अर्ध्याच अवकाशात आहे. ज्यानं इथं अडून दोन दिवस डोकं खाजवलं, त्याला प्रवेशपरीक्षेत हा विषय कधीच अडवणार नाही. ज्यानं ॲपवर फोटो टाकून उत्तर घेतलं, त्याचे पैसे गेले आणि विषयही गेला.

म्हणून शंका विचारायची एक पद्धत पाळा. प्रश्न पूर्ण लिहा, आपण काय केलं ते लिहा, कोणत्या ओळीनंतर गाडी अडली ते सांगा, आणि आपल्याला काय वाटतं तेही सांगा. अशी चिठ्ठी घेऊन गेलात तर कॉलेजचे बहुतेक प्राध्यापक थांबून उत्तर देतात. मोठ्या संस्थांतल्या प्राध्यापकांना ईमेल केली तरी, चार ओळींत नेमका प्रश्न असेल तर उत्तर यायची शक्यता असते. 'प्लीज सोल्व्ह' म्हणून दहा प्रश्नांचे फोटो पाठवले तर कोणीच उत्तर देत नाही, आणि त्यात त्यांचं चुकत नाही.

पुस्तकांवर मात्र खर्च करा. एच. सी. वर्मांचे दोन खंड बारावीनंतर पहिल्या वर्षीही उपयोगी पडतात. आयआयटी कानपूरला शिकवलेल्या या प्राध्यापकांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पुढं डेव्हिड ग्रिफिथ्स यांची विद्युतगतिकी आणि क्वांटम यांत्रिकीवरची दोन पुस्तकं भारतीय आवृत्तीत प्रत्येकी हजाराच्या आसपास मिळतात. जुनी घेतली तर निम्म्यात. तीन वर्षांत चांगल्या पुस्तकांवर चार-पाच हजार गेले तर ते सत्कारणी लागले असं समजा. गाइडांवर एक रुपयाही नको.

बाकीचं जवळपास फुकट आहे. फाइनमन यांची व्याख्यानं कॅलटेकच्या संकेतस्थळावर पूर्ण वाचता येतात. एमआयटीचे वर्ग मोकळे आहेत. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम बघायला पैसे लागत नाहीत. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेचे हजार रुपये. इंग्रजीचा धसका असेल तर बालभारती आणि एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तकं शेजारी ठेवून वाचा, दोन्हींच्या पीडीएफ मोफत आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पहिलं सत्र जड जातं, दुसऱ्या सत्रापासून सरावतं. फिजिक्सचं इंग्रजी दोन-तीनशे शब्दांत फिरत असतं.

फॉर्मचा हंगाम आणि कापसाचा हंगाम

आता सगळ्यात नाजूक भाग. एम.एस्सी.साठी बाहेर पडायचं तर तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच फॉर्म भरावे लागतात, आणि नेमके त्याच वेळी घरात पैसे नसतात. आयआयटीच्या जॅम परीक्षेचा अर्ज सप्टेंबरमध्ये निघून ऑक्टोबरमध्ये बंद होतो. पहिली वेचणी तेव्हा कुठे सुरू होत असते. सोयाबीनही बाजारात जायचं असतं. पोरगं घरी मागत नाही, बाप विचारत नाही, आणि तारीख निघून जाते. परीक्षेत नापास होणाऱ्यांपेक्षा या एका कारणानं मागे राहिलेली मुलं मला जास्त टोचतात.

रक्कम तरी केवढी? २०२६ च्या जॅमची एका पेपरची फी २,००० रुपये. सर्व मुली, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना १,००० रुपये. इतर मागासवर्गीय मुलांना यात सवलत नाही, हे कुणबी-माळी घरांनी ध्यानात घ्यावं. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी द्यावी लागते. दोन पेपरांपर्यंत खुल्या गटाला १,४००, ओबीसी आणि ईडब्ल्यूएसला १,२००, अनुसूचित जाती-जमातींना १,१०० अशी तिची फी २०२५ च्या सुमारास होती. म्हणजे दोन्ही मिळून खुल्या गटातल्या मुलाला ३,४०० लागतात. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० होता. त्या भावानं हे झाले ४२ किलो कापूस. गावात येणारा व्यापारी भाव पाडून मागतो, म्हणून अर्धा क्विंटल धरा. वर्षभरात अर्धा क्विंटल कापूस या फॉर्मांसाठी आधीच बाजूला काढला, किंवा पोळ्याच्या आत तेवढी रक्कम बँकेत वेगळी ठेवली, तर पुढचा सगळा रस्ता मोकळा होतो. गेट ही तिसरी परीक्षा मुलं देखादेखी देतात. एम.एस्सी.च्या प्रवेशाला ती लागत नाही. तिसऱ्या वर्षाला तिचे पैसे वाचवा.

फीइतकाच महत्त्वाचा दाखला. इतर मागासवर्गीयांना केंद्रीय संस्थांत आरक्षण हवं असेल, तर नॉन क्रिमिलेयर केंद्राच्या नमुन्यातलं लागतं आणि चालू आर्थिक वर्षातलं लागतं. राज्याच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र तिथं चालत नाही. सेतू केंद्रात जाऊन नुसतं 'नॉन क्रिमिलेयर द्या' म्हटलं तर राज्याचंच मिळतं. 'केंद्र शासनाच्या नमुन्यात' असं सांगावं लागतं. राज्यातलं एसईबीसी आरक्षण आयआयटीत किंवा केंद्रीय विद्यापीठांत लागू नाही. तिथं मराठा विद्यार्थ्यानं निकषांत बसत असल्यास ईडब्ल्यूएसचा दाखला काढावा. दाखल्याचा सरकारी खर्च शंभराच्या आत असतो. त्यापायी कोणी हजार-पाचशे मागत असेल तर देऊ नका, तहसीलला तक्रार करा.

तयारीचा खर्च. जॅमला ६० प्रश्न, १०० गुण, तीन तास. अभ्यासक्रम पूर्ण बी.एस्सी.चा. पहिल्या भागात ३० बहुपर्यायी प्रश्न आहेत आणि त्यात चुकीला गुण कापतात. दुसऱ्या भागातल्या एकाहून जास्त उत्तरांच्या १० आणि तिसऱ्या भागातल्या आकडी उत्तरांच्या २० प्रश्नांना उणे गुण नाहीत. ज्याला न्यूमेरिकल स्वतः सोडवायची सवय आहे, त्याचं बळ तिसऱ्या भागात दिसतं. २००५ पासूनच्या प्रश्नपत्रिका जॅमच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. त्या वेळ लावून सोडवा, चुका वहीत लिहा, पुन्हा सोडवा. दिल्लीला जाऊन क्लास लावला तर राहण्या-जेवणासकट लाखाच्या वर जातो. माझा सल्ला, घरच्या वीतभर जमिनीवर कर्ज काढून असा क्लास लावू नये. आधी दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका स्वतः सोडवून बघा. त्यानंतरही एखाद्या विषयात पाया कच्चा वाटला, तर तेवढ्यापुरता ऑनलाइन वर्ग घ्या.

परीक्षाकेंद्र निवडताना अमरावती-नागपूरसारखी जवळची शहरं वरच्या क्रमांकावर टाका आणि आदल्या दिवशी पोहोचा. एका रात्रीच्या मुक्कामाचे हजार रुपये जास्त गेले तरी चालतील. पहाटेच्या एसटीवर भरवसा ठेवून तीन वर्षांचा अभ्यास पणाला लावू नका.

एम.एस्सी. : कुठे आणि कितीत

जॅममधून आयआयटीतल्या एम.एस्सी.च्या सुमारे तीन हजार जागा भरतात, सगळे विषय मिळून. एनआयटी आणि इतर काही संस्थाही त्याच गुणांवर प्रवेश देतात. प्रवेशाचा अर्ज वेगळा असतो आणि त्याचं शुल्क वेगळं, निकालानंतर लगेच. नुसती परीक्षा पास होऊन हा दुसरा अर्ज न भरलेली मुलंही असतात. तसं करू नका.

सीयूईटीतून हैदराबादचं केंद्रीय विद्यापीठ, बनारस हिंदू विद्यापीठ, जेएनयू यांची दारं उघडतात. तिथलं शिक्षण शुल्क आपल्याकडच्या विनाअनुदानित एम.एस्सी.पेक्षा कमी पडतं आणि वसतिगृह आत असतं. लांब आहे म्हणून महाग असेल, हा समज सोडा. अमरावतीतच करायचं तर विद्यापीठाचा स्वतःचा भौतिकशास्त्र विभाग आणि शासकीय संस्था यांना पहिली पसंती द्या. गावोगावच्या कॉलेजांतल्या एम.एस्सी.च्या तुकड्या बहुधा विनाअनुदानित असतात. फी जास्त, आणि प्रयोगशाळेत उपकरणं किती चालू आहेत ते प्रवेशाआधी आत जाऊन बघून यावं. बघू द्यायला कोणी नकार दिला, तर तेच उत्तर समजा.

एक वाट फार थोड्यांना माहीत असते. बंगळूरची आयआयएस्सी आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, जी होमी भाभांनी १९४५ मध्ये उभी केली, इथं बी.एस्सी.नंतर थेट एकात्मिक पीएच.डी.ला प्रवेश मिळतो. म्हणजे एम.एस्सी.ची दोन वर्षंही विद्यावेतन घेत होतात. जागा थोड्या, परीक्षा कठीण. पण तयारीचा विद्यार्थी असेल तर या फॉर्मचे पैसे वाया गेले असं कधी म्हणू नये. मुलाखतीला बोलावणाऱ्या काही संस्था रेल्वेभाडंही परत देतात. बोलावण्याच्या पत्रात ते लिहिलेलं असतं, तिकीट जपून ठेवा.

उन्हाळ्याची सुट्टी तर अजिबात दवडू नका. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पदवीच्या मुलांसाठी शिबिरं घेतं, आणि निवड झाली की जाण्या-येण्याचा, राहण्याचा खर्च केंद्र करतं. पुण्याची आयुका ही खगोलविज्ञान संस्था, जिची पायाभरणी जयंत नारळीकरांनी केली, तीही सुट्टीतला कार्यक्रम घेते. विज्ञान अकादमींच्या उन्हाळी शिष्यवृत्त्यांना अर्ज हिवाळ्यात करावा लागतो. दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत काढलेल्या मुलाच्या बोलण्यातच फरक पडतो. अर्जाला प्राध्यापकाचं शिफारसपत्र लागतं, म्हणून पहिल्या वर्षापासून एखाद्या सरांच्या नजरेत अभ्यासानं राहा.

वसतिगृह आणि मेससह दोन वर्षांना लाख-दीड लाख कमी पडत असतील तर शैक्षणिक कर्जाला घाबरायचं कारण नाही. २०२४ च्या अखेरीस आलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ठरावीक नामांकित संस्थांसाठी तारणाविना कर्ज मिळतं आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे. जमीन गहाण ठेवू नका. खाजगी सावकार तर नकोच.

इथून पैसा तुमच्याकडे येतो

एम.एस्सी. झाली की सीएसआयआर-नेट ही परीक्षा. खुल्या गटाला फी १,१५०, ओबीसी-ईडब्ल्यूएसला ६००, अनुसूचित जाती-जमातींना ३२५. तीतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची अधिछात्रवृत्ती, लागली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७ हजार, पुढं ४२ हजार, घरभाडं भत्ता वेगळा. हे दर जानेवारी २०२३ पासूनचे. वर्षाचे ४ लाख ४४ हजार होतात. 'एवढं शिकून पोट्टं करन काय?' असं विचारणाऱ्या काकांना हा आकडा सांगा. जेआरएफ हुकली तरी बार्टी, सारथी, महाज्योती आणि आदिवासी संशोधन संस्थेच्या पीएच.डी. अधिछात्रवृत्त्या आहेत, त्या-त्या समाजघटकांसाठी.

नवीन चार वर्षांच्या पदवीनंतर ७५ टक्के गुण असतील तर थेट पीएच.डी.ला आणि नेटलाही बसता येतं. एक वर्ष वाचतं. पण फिजिक्समध्ये एम.एस्सी.च्या दोन वर्षांत क्वांटम, सांख्यिकीय यांत्रिकी, विद्युतगतिकी या विषयांचा जो पाया बसतो तो घाईत बसत नाही. ज्याला संशोधनच करायचं आहे त्यानं एम.एस्सी. चांगल्या ठिकाणी करावी, असं माझं ठाम मत आहे.

आणि सावध राहा. पीएच.डी.ला नोंदणी करून देतो, मार्गदर्शक मिळवून देतो, प्रबंध लिहून देतो, आठ दिवसांत पेपर छापून देतो असं म्हणत हजारो-लाखो मागणारे आहेत. चांगल्या संशोधनात विद्यार्थ्याच्या खिशातून असे पैसे कधी जात नाहीत. वाचायला लागणारे शोधनिबंध अर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावर १९९१ पासून मोफत आहेत, आकडेमोडीला पायथॉन मोफत आहे.

परदेश

अमेरिकेत फिजिक्सची पीएच.डी. बहुतेक चांगल्या विद्यापीठांत शिक्षण शुल्क माफ करून आणि अध्यापन साहाय्यकाचं मानधन देऊन होते. म्हणून पदरचे पैसे भरून तिथं एम.एस. करायला फिजिक्सच्या विद्यार्थ्यानं जाऊ नये. खर्च अर्जाचा येतो. एका विद्यापीठाचा अर्ज साधारण ७५ ते १२५ डॉलर, आठ ठिकाणी केले तर साठ-सत्तर हजार रुपये सहज. इंग्रजीची परीक्षा सतरा-अठरा हजार. जीआरई बावीस हजारांच्या आसपास. ती अनेक भौतिकशास्त्र विभागांनी ऐच्छिक केली आहे किंवा काढून टाकली आहे, म्हणून आधी विभागाचं पान वाचा आणि मगच पैसे भरा. अर्जशुल्क माफीसाठी विभागाला विनंतीचं पत्र लिहिता येतं, बऱ्याचदा मान्य होतं. प्रवेशानंतर व्हिसाचे १८५ आणि सेव्हिस या विद्यार्थी-नोंदणीचे ३५० डॉलर.

जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिक्षण शुल्क नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य परदेशी विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं, म्युनिकचं तंत्रविद्यापीठही आता घेतं. भारतीय विद्यार्थ्याला शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं एपीएस प्रमाणपत्र लागतं, १८ हजार रुपये. मोठा अडसर म्हणजे खात्यात आधी दाखवायचे ११,९०४ युरो. युरो शंभर रुपये धरला तरी बारा लाखांच्या घरात. हे पैसे तुमचेच असतात, दरमहा ९९२ युरो असे परत मिळतात, पण उभे तर करावे लागतात. विद्यावेतनासह पीएच.डी.ची जागा मिळाली असेल तर हा प्रश्न बहुतेक सुटतो. म्हणून इथून एम.एस्सी. करून मगच तिकडची पीएच.डी. बघावी. अनुसूचित जाती, इतर मागासवर्ग आणि इतर काही घटकांसाठी राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्त्या आहेत. त्यांत विद्यापीठाचं जागतिक क्रमवारीतलं स्थान बघितलं जातं, म्हणून विद्यापीठ निवडण्याआधी त्या वर्षीचा शासन निर्णय वाचा. एजंटाला लाख रुपये देण्याची कुठेच गरज नाही. अर्ज विद्यार्थ्यानंच भरायचा असतो.

हिवरखेड, सौंदळा, अडगाव, दानापूर या पट्ट्यात ज्यांच्या घरी यंदा बी.एस्सी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला मूल आहे, त्यांनी दोन कामं करावीत. एप्रिल लागताच केंद्राच्या नमुन्यातला दाखला काढून घ्या. आणि पोळ्याच्या आत साडेतीन हजार रुपये मुलाच्या किंवा मुलीच्या खात्यात टाका, कारण जॅमचा अर्ज सप्टेंबरात उघडतो आणि कापूस विकला जाईपर्यंत थांबत नाही.